परगावी गेलेली मुलं

शामकांत चौदा वर्षं देवी टोचत होता. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं, नोकरी आरोग्य केंद्रातली. पण पाथर्डी तालुक्याच्या त्या कोरड्या टोकाच्या अकरा गावांत त्याला सगळे 'देवी डाक्टर' म्हणूनच ओळखत. खाकी पिशवी, सायकल, आणि पिशवीत फडक्यात गुंडाळलेलं रजिस्टर. इतकं नेटकं रजिस्टर तालुक्यात दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. वडील कचेरीत कारकून होते. वळणदार अक्षर काढायची आणि एकही रकाना रिकामा न सोडायची सवय त्यांनी त्याला लहानपणीच लावली होती.

लस टोचायचा हंगाम थंडीचा. उन्हाळ्यात लस टिकत नाही, पोरांचे दंड पिकतात, म्हणून दिवाळीनंतर फेरी सुरू व्हायची आणि होळीच्या सुमाराला संपायची. हा रिवाज शामकांतच्या जन्माआधीपासूनचा. आणि नेमक्या याच दिवसांत करंजदऱ्यातली निम्मी घरं बंद असायची. दिवाळी झाली की माणसं बैलगाड्या भरून ऊस तोडायला पश्चिमेकडे, पाटपाण्याच्या मुलखात जायची, ती थेट चैत्रात परतायची. शामकांत कुलपापुढे सायकल उभी करायचा, शेजाऱ्याला विचारायचा आणि मुलाच्या नावापुढे लिहायचा, 'परगावी'.

एकदा परगावी लिहिलं की ते मूल मोजणीतून बाहेर जायचं. उरलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना टोचलेलं असायचं. त्यामुळे शामकांतचा आकडा दर साली शंभरात सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. तालुक्याच्या सभेत साहेब त्याचं रजिस्टर हातात धरून इतरांना दाखवायचे. तो खाली बघायचा, पण आतून त्याला बरं वाटायचं.

१९७० सालच्या कार्तिकातली गोष्ट. ग्रामसेवकाकडून नव्या जन्मांची यादी उतरवून घ्यायला तो सकाळीच करंजदऱ्यात आला, तेव्हा मारुतीच्या देवळापुढे गाड्या भरणं चाललं होतं. सूर्यभान मुकादमाची टोळी निघाली होती. तट्टे, चटया, पातेली, पिठाची गाठोडी, खुराड्यातल्या कोंबड्या, आणि या सगळ्यावर बसलेली पोरं. शामकांत सायकल हातात धरून वाट काढत होता, तेवढ्यात एक बाई पुढे आली. गहिनीनाथची बायको छबूबाई. कडेवर तीनेक वर्षांची पोर, हातात भाकरीचा तुकडा.

"डाक्टर, हिला देवी टोचायच्या ऱ्हायल्यात. आत्ता टोचता का?"

शामकांतने सायकलच्या सीटवर रजिस्टर उघडलं. "नाव काय?"

"मथू. मथुरा."

त्याने दोन पानं उलटली. "हिचं नाव नाही माझ्याकडे."

"कसं आसंल? उसाच्या फडात झालीया ती. तिकडं कोन लिव्हनार आन् हितं कोन लिव्हनार?"

पिशवीत लस होती. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात टोचणी होती, तिच्यासाठी घेतलेली एक बाटली. एका बाटलीत पंचवीस मुलांची लस. मिठाच्या पाण्यात कालवली की त्याच दिवशी संपवायची. उरली तर फेकायची आणि का फेकली ते लिहून द्यायचं. मागच्या हंगामात त्याने दोन वेळा अर्धी बाटली फेकली होती, तर वरून खुलाशाचं पत्र आलं होतं. चौदा वर्षांत आलेलं ते पहिलंच पत्र. ते त्याच्या मनाला फार लागलं होतं.

"बाई, एकीसाठी बाटली फोडता येत नाही," तो म्हणाला. "चैत्रात परत आलात की मला भेटा."

"चैतात तुमी म्हनता उनाचं टोचत न्हाई. मागल्या साली आसंच झालं."

"बघू. काहीतरी करू."

गाडीवरून गहिनीनाथने हाक मारली, "आगं ये की! बैलं जुपल्यात." छबूबाई क्षणभर तिथंच थांबली. मग वळली, पोरीला गाडीवर चढवलं, आणि चाकाच्या आऱ्यावर पाय देऊन स्वतःही चढली. शामकांत ग्रामसेवकाकडे गेला. यादी उतरवून बाहेर आला तेव्हा गाड्या पार खिंडीपाशी पोचल्या होत्या.

माघात एका दुपारी सूर्यभान मुकादम आरोग्य केंद्राच्या दारात उभा राहिला. एरवी फेटा नीट बांधणारा माणूस, आज नुसतं उपरणं डोक्याला गुंडाळलेलं. शामकांतला त्याने हाताला धरून बाजूला नेलं.

"डाक्टर, तळावर देवी निघाल्यात."

"किती जणांना?"

"पोरंच हायती. पाच का सा. एक तान्हं गेलं परवा. तिकडं कुनाला सांगितलं न्हाई अजून. सांगितलं तर कारखाना टोळी उठवून लावंल. तुमी आपले गावचे. गुपचूप चला, काय दवा आसंल ती द्या."

"याला दवा नाही, सूर्यभान. टोचलेलं असलं तर होत नाही, एवढंच." मग त्याला विचारायचं नव्हतं ते तोंडातून गेलं. "कुणाकुणाची पोरं?"

सूर्यभानने नावं सांगितली. चौथं नाव गहिनीनाथच्या मथूचं होतं.

गुपचूप काही करता येणार नव्हतं, आणि करायचंही नव्हतं. शामकांतने डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी जिल्ह्याला तार केली, आणि सूर्यभान शिव्या देत असतानाच शामकांत सात बाटल्या घेऊन त्याच्याबरोबर एसटीत बसला. तिसगाव, नगर, तिथून संगमनेरकडची गाडी. गाडी बदलताना सूर्यभानचा राग निवला होता. तो म्हणाला, "मलाबी दोन नातवंडं हायती तिथं." 

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ते तळावर पोचले. ओढ्याकाठी उसाच्या पाचटाच्या साठ-सत्तर कोप्या, बसक्या झोपड्या, एकमेकींना खेटून. काहींच्या तोंडाशी, आत देवी निघाल्याची खूण म्हणून, कडुलिंबाचे डहाळे खोवलेले. मोठं माणूस एकही नव्हतं; सगळी पहाटेच फडात गेलेली. सात-आठ वर्षांच्या पोरी लहानग्यांना कडेवर घेऊन फिरत होत्या. तिथला लस टोचणारा आधीच येऊन उभा होता, तार मिळाल्यावर त्याला पाठवलं होतं. तो वैतागून म्हणाला, "अहो, ही माणसं माझ्या यादीतच नाहीत. डिसेंबरात एकदा आलो होतो, अकरा वाजता. एकही आईबाप नाही. कोप्या बंद, असं लिहून परत गेलो. आता मला सांगतात की माझ्या हद्दीत साथ आली!"

तो माणूस जे लिहून परत गेला तेच आपण इतकी वर्षं लिहितोय, हे शामकांतला त्या कोप्यांकडे बघताना पहिल्यांदा नीट कळलं. तिथला माणूस म्हणत होता ही तिकडची, आणि आपण म्हणत होतो ही इकडं नाहीत.

कोप्यांच्या मधून एक म्हातारी काठी टेकत आली. आक्काबाई. करंजदऱ्याची सुईण. ऊस तोडायचं वय सरलं होतं तिचं, पण टोळीबरोबर ती दर साली यायची. बाळंतपणं करायची आणि दिवसभर पोरं राखायची.

"आला का देवी डाक्टर," ती म्हणाली. "लई उशीर केला. गहिनीनाथची पोर सकाळीच गेली."

मथूला ओढ्यापलीकडे पुरून गहिनीनाथ आणि चार माणसं परत येत होती. छबूबाई कोपीच्या तोंडाशी बसली होती. तिला दिवस जाऊन पाच महिने झाले होते, ते आता दिसत होतं. शामकांत जवळ गेला. पिशवी खांद्यावरून उतरवून त्याने खाली ठेवली.

तिने वर बघितलं. रडून झालेलं होतं.

"डाक्टर, त्या दिशी बाटली हुती ना तुमच्या पिशवीत?"

नव्हती म्हणणं सोपं होतं. कुणी तपासलं नसतं.

"होती."

"मंग फोडली आस्ती तर काय झालं आस्तं?"

"काही नाही. उरलेली लस फेकावी लागली असती. का फेकली ते वर लिहून द्यावं लागलं असतं."

छबूबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मंग लिव्हता येतंया की तुमाला," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग असता तर त्याला सोसवलं असतं. तिने खरंच समजून घ्यायचा प्रयत्न केला होता, आणि तिला ते समजलं नव्हतं.

तो ओढ्याकडे गेला, तोंडावर पाणी मारलं आणि कामाला लागला. आजारी पोरं एका बाजूच्या कोप्यांत हलवायचं काम जिल्ह्याहून आलेल्या डॉक्टरांनी घेतलं. बाकी सगळ्यांना टोचायचं काम शामकांतकडे. संध्याकाळी माणसं फडातून आली की टोचू, असं ठरलं. पण संध्याकाळी कुणीच येईना. चुली पेटल्या, भाकऱ्या थापल्या गेल्या, आणि शामकांत दगडावर पिशवी ठेवून बसलेला. पोरं आत ओढून घेतलेली.

सहादेव नावाचा एक गडी शेवटी आडवंतिडवं बोलला. "मागल्या पंधरवड्यात आसलीच पिशवी घिऊन एकजन आल्ता. गोड बोलला. दोघं गडी जीपमधनं नेले आन् आपरेशन करून आनून सोडले. आता तुमी आलाव. आमच्या पोरांच्या अंगाला हात लावायचा न्हाई."

"ते नसबंदीचं काम वेगळं, हे वेगळं," शामकांत म्हणाला.

"सरकार येकच हाय न्हवं?"

दुसरा म्हणाला, टोचलं की पोराला ताप येतो, पोर आईला सोडत नाही, आई फडात गेली नाही की नवराबायकोच्या जोडीचा कोयता बंद पडतो. मग मुकादम बोलतो. सूर्यभान तिथंच उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो घसा खाकरून म्हणाला, "चार दिस कुनी फडात गेलं न्हाई तर मी काय बी बोलनार न्हाई." मग म्हणाला, "आन् माझ्या नातवंडांपासनं सुरू करा."

त्याची नातवंडं टोचून झाली. त्यांच्यामागून दहा-बारा आली. सहादेव मात्र आला नाही. सकाळी कळलं की तिन्ही पोरांना घेऊन तो उभ्या उसात जाऊन बसलाय.

आक्काबाईने काठी घेतली आणि फडाच्या कडेला जाऊन उभी राहिली. ऊस पुरुषभर उंच, आत काही दिसत नव्हतं. तिने पोरांची नावं घेऊन हाका मारल्या. एकाला पाडव्याचा, एकीला उसाला तुरा आला तेव्हाची, अशी कोण कधी जन्मलं त्याची खूण सांगत. मग म्हणाली, "सहादेवा, ह्या हातांनी तुझी तिन्ही लेकरं घेतली मी. तवा तू भाईर बसून थरथरत व्हतास. सुई दंडाला मारत्यात, आनखी कुटं न्हाई. मी पोराचा हात धरून बसते. तुला खोटं वाटलं तर माझा हात तोड तुझ्याच कोयत्यानं."

बराच वेळ पाचट सळसळत राहिलं. मग सहादेव बाहेर आला, एक पोर खांद्यावर, दोन मागे. त्याने थोरल्याचा दंड पुढे केला.

टोकाशी दुभंगलेली नवी सुई आता शामकांतच्या हातात बसली होती. लसीत बुडवायची आणि पंधरा वेळा झटझट टोचायची. पोर रडायच्या आत काम होतं. तिसऱ्या दिवसापर्यंत तळावरची सगळी मुलं झाली. टोचता टोचता तो प्रत्येकाचा दंड आधी बघत होता. एकेचाळीस मुलांपैकी जुना व्रण सहा जणांच्या दंडावर होता.

आक्काबाई शेजारी बसून नावं सांगत होती, कोण कुठल्या फडात, कुठल्या महिन्यात. तो लिहीत होता. त्यातली सव्वीस नावं त्याच्या रजिस्टरात कधी आलीच नव्हती. आणि एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. त्या कार्तिकातल्या सकाळी देवळापुढच्या गाड्यांवर हीच मुलं बसलेली होती. बाटलीत पंचवीस जणांची लस, आणि भोवती तीस-चाळीस पोरं. त्याला मोजायचंच सुचलं नव्हतं. त्याला एकच मूल दिसलं होतं, आणि त्या एकासाठी बाटली फोडवली नव्हती.

साथ तिथंच थांबली. ते तान्हं आणि मथू सोडून बाकीची पाच आजारी पोरं जगली, तोंडावर खड्डे घेऊन.

फाल्गुनात तालुक्याची सभा झाली. साहेबांनी आकडे वाचले. शामकांतच्या गावांपुढे पुन्हा अठ्ठ्याण्णव. साहेब म्हणाले, तळावरच्या कामाबद्दलही त्याचं कौतुक वर कळवलंय.

शामकांत उठून उभा राहिला. "साहेब, करंजदऱ्याचा आकडा चुकीचा आहे."

"रजिस्टरात चूक झाली?"

"रजिस्टर बरोबर आहे. आकडा चुकीचा आहे. परगावी गेलेली मुलं धरली तर शंभरात बावन्न होतात. आणि जी इथंही लिहिली गेली नाहीत आणि तिथंही नाहीत, ती धरली तर त्याहून कमी."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, आता सगळ्यांनाच परत मोजायला लावणार हा.

"पालक अडाणी असतात, टाळतात," साहेब म्हणाले. "त्याला तुम्ही काय करणार?"

"ती बाई टाळत नव्हती. पोरीला घेऊन माझ्यापुढे आली होती. लस होती. मी दिली नाही." तो सरळच बोलत होता. "साथीत गेली ती मुलगी."

साहेबांनी चष्मा काढला. "हे लेखी द्याल?"

त्याने तिथंच दिलं, वळणदार अक्षरात. महिन्याभराने सेवापुस्तकात ताकीद लागली. ज्याने कधी एक काट मारली नव्हती त्याच्या पुस्तकात तांबड्या शाईची ओळ. घरी वडिलांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "एवढं लिहून द्यायची गरज होती का?" शामकांत म्हणाला, "होती." त्यानंतर वडील कित्येक दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

पण त्या कागदाबरोबर त्याने दुसराही एक कागद दिला होता. ऊसतोडीची गावं आधी घ्यावीत, दिवाळी संपायच्या आत, गाड्या निघायच्या ठिकाणी. एक मूल आलं तरी बाटली फोडायची मोकळीक असावी. ज्या तालुक्यात टोळी जाईल तिथल्या माणसाला यादी पोस्टाने जावी. पहिल्या दोन गोष्टींना त्याच्या अकरा गावांपुरती परवानगी आली. तिसरीवर काही उत्तर नाही. ती त्याने स्वतःच्या पोस्टकार्डांवर करायची ठरवली.

१९७१ चा पाऊसही धड झाला नाही. बाजरी हातभर वाढली आणि करपली. त्या साली करंजदऱ्यातून जास्तच माणसं निघणार हे भाद्रपदातच दिसत होतं. शामकांत आठवड्यातून एकदा आक्काबाईच्या ओट्यावर जाऊन बसायचा. ती सांगायची, तो लिहायचा. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचं पोर माहेरी आहे, कोण कुठल्या मुकादमाकडे जाणार. ग्रामसेवकाच्या वहीत एकतीस मुलं होती. आक्काबाईच्या तोंडी अठ्ठावन्न.

छबूबाईला ज्येष्ठात मुलगा झाला होता. ते नावही आक्काबाईनेच सांगितलं, आणि शामकांतने लिहिलं. तिच्या घरावरून तो जायचा, पण थांबायचं धाडस त्याला झालं नाही.

सूर्यभानने आपल्या टोळीला सांगून टाकलं होतं की दंड दाखवल्याशिवाय गाडी जुंपायची नाही. दया वगैरे काही नव्हती त्यात. साथीत त्याचा तळ तीन आठवडे बंद पडला होता, ते तो विसरला नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी, तांबडं फुटायच्या सुमाराला, शामकांत देवळापाशी आला. बरोबर प्रेमला. केंद्रात नवी आलेली नर्स, संगमनेरकडची, कामाला चटपटीत. शामकांतने तिला महिनाभर सुई शिकवली होती.

ऊन चढेपर्यंत शेहेचाळीस मुलं झाली. कुणी रडत होतं, कुणी गूळ चघळत होतं. आक्काबाई प्रत्येक नावावर काठी आपटत होती. मग ती थांबली.

"गहिनीनाथचा ऱ्हायला."

"बोलावता का?"

आक्काबाई गेली आणि बऱ्याच वेळाने एकटीच आली. शामकांतच्या नजरेला नजर न देता म्हणाली, "ती म्हनती, त्याच्या हातानं न्हाई."

प्रेमला काहीतरी बोलायला गेली. शामकांतने हातातली सुई तिच्यापुढे धरली. "तुम्ही टोचा. मी शाळेच्या मागं जाऊन बसतो. आक्का, तिला सांगा मी गेलो म्हणून."

शाळेच्या मागे कुसळं वाढलेली, तिथं एका दगडावर तो बसला. भिंतीपलीकडून बायकांचे आवाज येत होते. छबूबाईचा आवाज त्याने ओळखला. ती प्रेमलाला विचारत होती, ताप किती दिवस राहतो, खपली कधी पडते, पाणी लागलं तर चालतं का. प्रेमला सावकाश सांगत होती. मग पोराने टाहो फोडला. शामकांतला उठून बघावंसं वाटलं, सुई नीट धरली का, लस दंडावर राहिली का. तो उठला नाही. रडणं हळूहळू लांब गेलं, तेव्हा प्रेमला कोपऱ्यावरून आली.

"झालं. नीट झालं."

"काही म्हणाली?"

"सगळ्यांची झाली का, ते विचारलं."

सगळ्यांची झाली नव्हती. वरच्या वस्तीवरचा गोरक्ष आपली सात बिऱ्हाडं घेऊन आदल्याच दिवशी निघून गेला होता, कुणाला न सांगता. आक्काबाईच्या यादीतली अकरा मुलं त्यांत होती.

शामकांतने पोस्टकार्डं लिहिली. तीन आठवड्यांनी संगमनेरच्या बाजूच्या त्या लस टोचणाऱ्याचं उत्तर आलं. या खेपेला तो संध्याकाळी तळावर गेला होता. सत्तेचाळीसमधल्या त्रेचाळीस जणांची टोचलेली देवी दंडावर उठली होती, म्हणजे लस लागू पडली होती. चौघांची उठली नव्हती, त्यांना परत टोचलं. खाली त्याने तसं न सांगताच लिहिलं होतं, 'गहिनीनाथच्या मुलाची चांगली उठली आहे.' हा माणूस हे वेगळं का लिहितोय, शामकांतने विचार केला. मग आठवलं की छबूबाईने बाटलीचं विचारलं त्या दिवशी तोही तिथं जवळच उभा होता.

गोरक्षच्या टोळीबद्दल त्याने कळवलं होतं, आमच्याकडे आलेली नाही.

शामकांतने आणखी तीन ठिकाणी पत्रं टाकली. दोन ठिकाणांहून नाही म्हणून आलं. तिसगावच्या बाजारात एका मिरचीवाल्याने सांगितलं की त्या गाड्या गोदावरीच्या अंगाला जाताना त्याने बघितल्या. रजेचा अर्ज साहेबांनी बाजूला ठेवला, म्हणाले, "ती आता दुसऱ्या जिल्ह्याची मुलं झाली. किती लांब जाणार तुम्ही?" दुसऱ्यांदा विचारल्यावर मात्र दोन दिवस दिले.

पहिला दिवस हिंडण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एका फडाच्या बांधावर त्याला गोरक्ष सापडला, भाकरी खाताना. शामकांतला बघून त्याचा घास हातातच राहिला.

"तुमी हितवर आलाव?"

"पोरं कुठायत?"

नऊ मुलं तिथं होती. सगळ्यांना टोचून होईस्तोवर सावल्या लांबल्या. बायका फडातच कोयते ठेवून भोवती उभ्या होत्या, आणि एकीने आपल्या पोराबरोबर शेजारच्या टोळीचीही चार पोरं ओढून आणली. ती कुठली, कुणाची, हे शामकांतने टोचून झाल्यावर विचारलं.

"दोन राहिली," तो यादीवर बोट ठेवून म्हणाला. "मुक्ताबाईची."

"ती आठ दिसांमागं नवऱ्याशी भांडून माहेराला गेली, पोरं घिऊन," गोरक्ष म्हणाला. "त्या गावात देवी निघाल्यात म्हनं. खरं का खोटं, ठावं न्हाई."

शामकांतने गावाचं नाव विचारलं, दोनदा, नीट ऐकून घ्यायला. मग सुई उकळायला ठेवली आणि विचारलं, तिकडे जायला गाडी कुठून मिळते.